किनाऱ्याचे दार आतून उघडते

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय लोकांविषयी, एक प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा: हे लोक व्यापारी म्हणून येतात, पण त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत. त्यांना येऊ-जाऊ द्यावे, मात्र समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये. वखार द्यावीच लागली तर किनाऱ्यापासून काही कोस आत, भर वस्तीत द्यावी आणि पक्के बांधकाम होऊ देऊ नये. परक्या सत्तेचा शिरकाव कसा ओळखायचा आणि कसा रोखायचा, याचा हा मराठी राज्याने लिहून ठेवलेला अंदाज आहे. तो हवेतून आलेला नव्हता. १६६० साली राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन पन्हाळ्याला गेला आणि सिद्दी जौहरच्या बाजूने इंग्रजी निशाणाखाली गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकले.

अमात्यांनी सावध केल्याला चाळीस वर्षे झाली आणि दार आतूनच उघडले गेले. मराठ्यांचा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे डोईजड झाला म्हणून नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली मराठ्यांचे आरमार जळाले आणि बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे गेला. किनाऱ्यावर ज्याला जागा देऊ नये असे लिहून ठेवले होते, त्यालाच खाडीच्या तोंडावरची जागा मिळाली.

आज रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शत्रुराष्ट्राचा प्रभाव मोजण्यासाठी आणि अडवण्यासाठी राज्य सरकार काय करते याचा आढावा घेताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या घटना ओळीने पाहिल्या तर एक गोष्ट ठळक दिसते. परका शत्रू इथे स्वतःच्या बळावर क्वचितच उतरला आहे. त्याला बहुतेक वेळी इथला कोणीतरी भेटला: कधी लाच घेणारा, कधी दुर्लक्ष करणारा, कधी भुललेला. सरकारची तयारी मात्र मुख्यतः समुद्राकडे तोंड करून झालेली आहे.

आधी अधिकाराचा प्रश्न. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे, पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था राज्याकडे. परदेशी देणग्यांचा कायदा केंद्राचा, पण चौकशीला जाणारा हवालदार राज्याचा. समुद्रातही वाटणी आहे: किनाऱ्याजवळ राज्याचे सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, त्यापलीकडे नौदल. शिवाय मासेमारी खाते, कस्टम्स आणि मेरीटाइम बोर्ड आहेत. धोक्याची दिशा दिल्ली ठरवते, पण बोट लागते ती ग्रामपंचायत हद्दीतल्या एखाद्या पुळणीवर. या दोन टोकांमध्ये जे अंतर आहे, त्यातच बहुतेक चुका घडल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक १९९३ ची. जानेवारी आणि फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवले गेले. शेखाडी म्हणजे बाणकोट खाडीच्या उत्तरेला, श्रीवर्धनच्या अंगाला. रत्नागिरीच्या हद्दीपासून फार दूर नाही. माल ज्या वाटांनी आला त्या चांदी-सोन्याच्या चोरट्या व्यापाराच्या जुन्या वाटा होत्या, आणि त्या वाटांवर कुणाला किती द्यायचे याचे दर ठरलेले होते. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि पैसे ठरवून सोडून दिल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे टाडा न्यायालयाने कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही दोषी ठरवले. गाड्या अडवणाऱ्यांना आत चांदी आहे असे वाटले होते की आणखी काही, याने फारसा फरक पडत नाही. लाच घेऊन गाडी सोडणाऱ्याला गाडीत काय आहे हे ठरवता येत नाही.

या प्रकरणातून सरकारने जो धडा घेतला तो समुद्रावरचा होता. त्याच वर्षी 'ऑपरेशन स्वान' सुरू झाले. नौदल, तटरक्षक दल आणि राज्याची यंत्रणा मिळून महाराष्ट्र-गुजरात किनाऱ्यावर गस्त घालू लागली, त्यासाठी भाड्याने मच्छीमार ट्रॉलर घेतले गेले. २००५ मध्ये केंद्राची किनारी सुरक्षा योजना आली. देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ गस्ती नौका हा पहिला टप्पा. २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी १३१ ठाणी. इमारती उभ्या राहिल्या, नौका आल्या. नौका चालवायला तांडेल, इंजिनवर माणूस आणि टाकीत डिझेल लागते, याची तरतूद मात्र मागून आणि तुटपुंजी झाली. जमिनीवरच्या शिपायाला समुद्रावर पाठवले की त्याला पहिल्या तासात उलट्या होतात, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण भरतीचे नियम बरीच वर्षे जमिनीवरचेच राहिले.

२६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण 'कुबेर' नावाचा पोरबंदरचा ट्रॉलर पळवून, त्यावरच्या तांडेलाला मारून मुंबईपर्यंत आले आणि कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत रबरी बोटीतून उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. ती नजर कुठे पोहोचवायची याचा रस्ताच नव्हता. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने राज्याच्या यंत्रणेवर जे बोट ठेवले तेही याच जातीचे होते. गुप्त सूचना येत होत्या, पण त्यांची छाननी करून, त्यांतली कुठली कोणाच्या टेबलावर आणि किती तातडीने जायला हवी हे ठरवणारी पद्धत नव्हती. समितीनंतर फोर्स वन हे पथक उभे राहिले, गुप्तवार्ता विभागाच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था झाली. देशपातळीवर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर आली, किनाऱ्यावर रडारची साखळी बसली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली आणि राज्यवार रंगांनी बोटी रंगवणे सुरू झाले.

रत्नागिरी जिल्ह्याला सुमारे १६७ किलोमीटरचा किनारा आहे. तो सरळ रेषेत नाही: बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्या आत घुसलेल्या आहेत आणि प्रत्येक खाडीत छोट्या होड्या लागतील अशा डझनावारी जागा आहेत. बाणकोट, दाभोळ, पूर्णगड, नाटे अशी सागरी पोलीस ठाणी या खाड्यांच्या तोंडाशी आहेत. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा तळ आहे. १०९३ हा सागरी पोलिसांचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा दूरध्वनी क्रमांक जेट्यांवर रंगवलेला असतो. गावोगाव सागर रक्षक दल आहे, त्यात मच्छीमार तरुण आहेत. 'सागर कवच' नावाचा सराव ठरावीक काळाने होतो. त्यात नौदल किंवा तटरक्षक दलाची माणसे घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतात आणि पोलीस व गावकरी त्यांना पकडायचा. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने नऊ ठिकाणांहून ड्रोनने समुद्रावर नजर ठेवणे सुरू केले. त्यांत मिरकरवाडा आणि साखरी नाटे आहेत. ड्रोनचा उघड हेतू एलईडी आणि अवैध पर्ससीन मासेमारी पकडणे हा, पण त्याच चित्रात अनोळखी बोटही दिसते.

यंत्रे काय पाहू शकतात आणि काय नाही, याची दोन उदाहरणे शेजारच्या रायगडातच घडली. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य बोट लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली होत्या. 'लेडी हान' हे तिचे नाव, मालकीण ऑस्ट्रेलियाची. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या बोटीचे इंजिन जूनमध्ये बंद पडले, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि बोट तशीच वाहत राहिली. घातपाताचा संशय दूर झाला, तसे गृहमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलेही. तरी शस्त्रे असलेली बोट जवळपास दोन महिने समुद्रात वाहत आमच्या पुळणीवर येऊन लागेपर्यंत तिचा कुणालाही पत्ता नव्हता, ती आधी स्थानिकांना दिसली. जुलै २०२५ मध्ये उलट घडले. कोर्लईजवळ समुद्रात पाकिस्तानी खूण असलेले काहीतरी रडारवर दिसले, भर पावसात पोलीस, तटरक्षक आणि नौदल कामाला लागले, आणि अखेर ती पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याला बांधलेली, ठावठिकाणा सांगणारे यंत्र बसवलेली बोया असल्याचा निष्कर्ष निघाला. ती शोधमोहीम वाया गेली असे मी म्हणणार नाही. पण रडारवरच्या ठिपक्याला अर्थ देण्यासाठी जाळे, बोया आणि प्रवाह जाणणारा माणूस लागतो, आणि तो मिरकरवाड्यात आणि हर्णैत बसलेला आहे.

जून २०१९ मध्ये 'वायू' चक्रीवादळाच्या वेळी दहा चिनी मासेमारी जहाजांनी रत्नागिरीच्या किनाऱ्याचा आसरा घेतला. तटरक्षक दलाने माणुसकीच्या नात्याने तो दिला आणि पहाराही ठेवला. निर्णय योग्यच होता, वादळात दर्या कुणाला परका म्हणत नाही. पण इथले मच्छीमार अस्वस्थ झाले ते देशभक्तीच्या आवेशाने नव्हे. एवढी मोठी जहाजे आपल्या समुद्राच्या इतक्या जवळ आधी काय करत होती, हा त्यांचा साधा, धंद्याचा प्रश्न होता. त्याचे सविस्तर उत्तर बंदरावर येऊन कुणी द्यायला हवे होते.

जवळून पाहायची गोष्ट म्हणजे टोकन. बोट समुद्रात निघण्याआधी जेटीवरच्या नोंदीच्या जागी बोटीचा नंबर, तांडेलाचे नाव, खलाशी किती, निघण्याची वेळ लिहिली जाते आणि टोकन मिळते. परतल्यावर परतीची नोंद. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. संध्याकाळी पन्नास बोटी एकदम निघू पाहतात तेव्हा नोंद करणारा माणूस कंत्राटी असतो, त्याचे मानधन महिनोन्महिने लांबते आणि खलाशांची मोजणी तांडेल सांगेल ती असते. त्यात आणखी एक गुंता आहे. रत्नागिरीच्या बोटींवर आज बहुसंख्य खलाशी नेपाळचे आहेत, जसे आंब्याच्या बागांचे राखणदार नेपाळचे आहेत. ही माणसे कष्टाळू, त्यांच्यावाचून हंगाम चालणार नाही. पण दरवर्षी नवी टोळी येते, जुनी जाते, आणि ओळखीची कागदपत्रे बोटमालकाच्या पिशवीत झेरॉक्स होऊन पडलेली असतात. कोण कुठल्या बोटीवर आहे हे हंगामाच्या मध्यात नेमके सांगता येणे, ही शत्रूचा प्रभाव अडवण्याची पहिली पायरी आहे. तिला ड्रोन लागत नाही. चार पगारी माणसे आणि एक अद्ययावत वही लागते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमधून देशातल्या एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्याची योजना सुरू झाली. वादळाची सूचना मिळेल आणि हद्द ओलांडली तर इशारा येईल, म्हणून मच्छीमारांना ती हवीही आहे. बोट कुठे आहे हे त्यातून कळेल. बोटीवर कोण आहे हे कळणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर कर्दे, लाडघर, केळशी अशा ठिकाणी चरसची पाकिटे वाहून येऊ लागली. समुद्रात कुणीतरी टाकलेला माल होता. कस्टम्स आणि पोलिसांनी किनारा पिंजून काढला. पण मोहिमेइतकेच महत्त्वाचे होते ते पाकीट सापडल्यावर गावकऱ्याने ठाण्यात फोन करणे. पाकिटाची बाजारातली किंमत गावातल्या पोरांना कळायला वेळ लागत नाही. फोन करणाऱ्याला 'तुला कसं सापडलं' म्हणून चार वेळा ठाण्यात बसवून ठेवले, तर पाचव्या वेळी फोन येणार नाही.

इथे साखरी नाट्याबद्दल बोलावे लागेल. राजापूर तालुक्यातले हे मच्छीमारांचे गाव जैतापूर खाडीच्या तोंडाशी आहे आणि माडबनला नियोजित अणुऊर्जा प्रकल्प त्याच्या शेजारी: मूळ आराखड्यानुसार प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. घातपाताचा धोका जिथे सर्वांत गंभीर मानायला हवा अशी ही जागा. १८ एप्रिल २०११ ला याच नाट्यात प्रकल्पविरोधी जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावातला एक तरुण मेला. आज त्याच गावच्या मच्छीमारांनी समुद्रात काही वेगळे दिसले तर त्याच ठाण्याला कळवावे अशी राज्याची अपेक्षा आहे. बहुतेक जण कळवतातही, हा त्यांचा मोठेपणा आहे. पण त्या एप्रिलनंतर गावाचा विश्वास परत मिळवण्यासाठी सुरक्षेच्या कुठल्या योजनेत किती पैसे ठेवले गेले, हा प्रश्न मला आढाव्यात टाळता येत नाही.

याच तालुक्यात पुढे नाणार आणि बारसू झाले. २०१८ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक यांच्याशी करार झाले, म्हणजे परदेशी भांडवल सरकारनेच बोलावले. २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली आणि २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून पुन्हा संघर्ष पेटला, तेव्हा आंदोलनामागे बाहेरची माणसे आणि बाहेरचा पैसा असल्याचे सत्ताधाऱ्यांकडून बोलले गेले. तसे असेल तर ते शोधून काढणे आणि पुराव्यासह न्यायालयात नेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्याला माझा काहीही विरोध नाही. परदेशी सत्ता स्थानिक असंतोषावर स्वार होतात हे जगभर दिसले आहे. मात्र पुरावा न मांडता सड्यावर उन्हात बसलेल्या बायकांकडे संशयाचे बोट दाखवले की दोन नुकसाने होतात. खरा परकीय हस्तक्षेप झालाच तर त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि ज्यांच्या डोळ्यांवर किनारा राखायचा आहे ते डोळे मिटून घेतात.

राज्याची मोजमाप करण्याची पद्धत किती कच्ची आहे हे समुद्राबाहेरही दिसले. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. १ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल सांगितला: वीज यंत्रणेत १४ ट्रोजन सोडले गेले असावेत, ८ जीबी माहिती इकडून तिकडे गेली असावी, घातपाताची शक्यता आहे. आदल्याच दिवशी एका अमेरिकी कंपनीचा चिनी गटावर बोट ठेवणारा अहवाल प्रसिद्ध झाला होता. पाठोपाठ केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही मानवी चूक होती, चीनशी संबंध जोडणारा पुरावा नाही. एकाच घटनेबद्दल राज्य आणि केंद्र दोन टोकांची विधाने करतात आणि दोघांचे म्हणणे ताडून पाहता येईल असा एकत्र अहवाल जनतेसमोर येत नाही, हे शत्रूला हवेच असते. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर महाराष्ट्र सायबरने पंधरा लाखांहून अधिक सायबर हल्ले आणि त्यांतले फक्त दीडशे यशस्वी, असा हिशेब मांडला. आकडा छाती दडपवणारा आहे. पण नागरिकाच्या उपयोगाचा भाग त्या दीडशेंत आहे: कुठल्या नगरपालिकेची, कुठल्या संस्थेची संकेतस्थळे पडली आणि तिथे कुलूप का नव्हते.

माणसाला गाठण्याची पद्धतही बदलली आहे. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. समाजमाध्यमावरच्या एका बनावट तरुणीच्या नादाने पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. दोन वर्षांनी ठाणे जिल्ह्यात एका कनिष्ठ अभियंत्याला तशाच आरोपाखाली पकडले. न्यायालय निकाल देईल. आपल्यासाठी महत्त्वाचे हे की आता शेखाडीला बोट लावायची गरज उरलेली नाही. जयगडच्या बंदरात, दाभोळच्या वायू टर्मिनलवर, तटरक्षक दलाच्या धावपट्टीच्या कुंपणाबाहेर काम करणाऱ्या कंत्राटी मुलाच्या हातात मोबाइल असतो, त्याला फोटोमागे काही हजार देऊ करणारा कुणीही असू शकतो. अशा मुलांसाठी तालुक्याच्या पातळीवर पोलिसांचे नियमित वर्ग आयटीआयमध्ये आणि बंदरांच्या गेटवर व्हायला हवेत. होतात ते एखाद्या सप्ताहापुरते, बॅनर लावून.

पैशाच्या दाराची कथा थोडी बरी आहे. १५ जून २०२० ला राज्याने तीन चिनी कंपन्यांशी सुमारे ५,०२० कोटींचे सामंजस्य करार केले. ग्रेट वॉल मोटर्स तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेणार होती. त्याच रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली. करार थांबवले गेले आणि दोन वर्षांनी ग्रेट वॉलने नाद सोडला. सीमेला लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीला केंद्राची पूर्वमंजुरी लागेल हा नियम एप्रिल २०२० मध्येच आला होता. म्हणजे चाळणी केंद्राने लावली, आणि राज्याकडे स्वतःची अशी चाळणी, जी करारावर सही होण्याआधी 'हा पैसा नेमका कुणाचा' असे विचारेल, तेव्हाही नव्हती. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने रत्नागिरीला हाच प्रश्न वेगळ्या रूपात शिकवला होता. ती कंपनी शत्रुराष्ट्राची नव्हती. तरी माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये करारांची चिरफाड करताना राज्याच्या निर्णयप्रक्रियेचे अपयश उघड्यावर मांडले. तो अहवाल लोकांना वाचता आला, हे त्याचे मोल.

खेड तालुक्यातल्या मुंबके गावात १९९३ च्या स्फोटांतला फरारी आरोपी दाऊद इब्राहिम याच्या कुटुंबाच्या जमिनींचे लिलाव २०२० आणि २०२४ मध्ये झाले. वृत्तवाहिन्यांना ते रंजक वाटले. सुरक्षेच्या हिशेबात त्याला फार वजन नाही.

वजन आहे ते तीन कामांना, आणि तिन्ही राज्याच्या अखत्यारीतली आहेत. सागरी ठाण्यांसाठी दर्यावर्दी घरांतल्या मुला-मुलींची वेगळी भरती: खारवी, दालदी, भोई, गाबीत, ज्यांना खाडीचा तळ पाठ आहे. सागर रक्षक दलाच्या सदस्यांना नियमित मानधन, विमा आणि खबर दिल्यावर त्यांची ओळख झाकून ठेवण्याची लेखी हमी. आणि 'सागर कवच' सरावांचा निकाल: किती बनावट घुसखोर पकडले गेले, किती निसटले, कुठल्या खाडीतून आणि कुणाच्या हद्दीतून. डावपेच उघड न करताही एवढे वर्षातून एकदा विधिमंडळाच्या पटलावर ठेवता येते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोकणातल्या आमदारांनी हा अहवाल मागावा. कुठल्या खाडीत किती पदे रिकामी आहेत ही दुसरी यादीही सोबतच मागावी.